सरजाबाईनं चर्च बंद केलं तेव्हा

तळेवाडी अहमदपूर तालुक्यात, पण अगदी काठावर. ओढा ओलांडला की मुखेड तालुका लागतो आणि जिल्हाच बदलतो. नावात तळं असलं तरी गावात म्हैस डुंबेल एवढंही पाणी नव्हतं. त्या साली लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती आणि पावसानं पाठ फिरवून तीन. "जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं," असं लोक म्हणायचे, आणि टोपली-फावडी घेऊन सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचे.

गावाच्या उगवतीला ख्रिस्ती मंडळीची तीस घरं होती आणि त्यांच्या मधोमध काळ्या दगडाचं चर्च. कुणी पाहुणा आला की सरजाबाई त्याला आधी चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी न्यायची आणि सांगायची, "ही भिंत माझ्या बापाची." तिचा बाप सटवाजी काही गवंडी नव्हता. दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता. दिवसभर राबून आल्यावर तो ओढ्यातले दगड फोडून आणायचा, आणि आठ वर्षांची सरजा चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन त्याच्या मागून चालायची. ज्या हातांना गावच्या आडाला शिवायची मुभा नव्हती त्या हातांनी हे चर्च उभं केलं, ही गोष्ट सरजाबाईच्या हाडात मुरली होती.

सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. पदरी लेकरू नव्हतं. ती राज्याच्या सीमेपलीकडच्या एका मिशन दवाखान्यात आया म्हणून लागली आणि बावीस वर्षं तिथं राहिली. झाडलोट करता करता बाळंतपणं शिकली, जखमा धुवायला शिकली, ताप हाताला ओळखायला शिकली. तिथली डॉक्टरीणबाई कडक होती. ती म्हणायची, "सरजा, देवाचं नाव घे आणि साबण लाव. दोन्ही कर." अंगातली ताकद कमी झाली तशी सरजाबाई गावाला परतली. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती. चर्च झाडायची, घंटा वाजवायची, आणि मंडळीच्या पाच पंचांत ती एकटी बाई होती.

त्या वर्षीचा ईस्टर साधा नव्हता. चर्चला पन्नास वर्षं पुरी होणार होती. बिशपसाहेब येणार होते. अहमदपूर, मुरुड, मुखेडकडून चारशे माणूस यायचं होतं. पहाटे कबरस्तानापर्यंत फेरी, मग उपासना, प्रभूभोजन आणि दुपारी पंगत. ज्यांनी लहानपणी या भिंतींना चुना वाहिला, त्यांतली गावात दोनच माणसं उरली होती: सरजाबाई आणि तिची धाकटी बहीण गुणाबाई. दोघींना बिशपसाहेबांच्या शेजारी बसवायचं ठरलं होतं. गुणाबाई दिवसातून तीनदा विचारायची, "अक्का, बिशपसाबाला काय म्हणायचं असतंय गं?" सरजाबाई म्हणायची, "सलाम म्हण अन् गप बस." पण तिनं स्वतः पांढरं लुगडं घेऊन ठेवलं होतं, आणि अधूनमधून पेटी उघडून त्यावरून हात फिरवायची.

ईस्टरला दोन आठवडे होते तेव्हा व्यंकटची बायको धावत आली. व्यंकट सडकेच्या कामावरचा गडी, पंचविशीतला, बैलासारखा. सरजाबाई गेली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले, हातापायांना पेटके, आणि खाली तांदळाच्या धुवणासारखं पाणी. सरजाबाईनं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमटीसारखीच उभी राहिली.

"ही पटकी हाय," ती म्हणाली. "सिंधुला बोलवा. पळा."

सिंधु म्हणजे सरकारी नर्सबाई, तीन गावं सांभाळणारी. तिनं सायकलवरून माणूस पाठवला आणि दुपारपर्यंत आरोग्य केंद्राची जीप आली. जीपमधून डॉक्टर वीरण्णा उतरले. उदगीरकडचे, नोकरीला लागून सहा महिने झालेले, मिसरूडही नीट न फुटलेले. व्यंकट वाचला. पण तीन दिवसांत अकरा माणसं पडली. टँकर यायचा तो गावच्या आडात रिकामा व्हायचा, आणि पाणी दिसलं की शंभर बायका आपापल्या बादल्या एकदमच आत सोडायच्या. डॉक्टरांनी आडात डोकावून पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तहसीलमधून हुकूम आला आणि दवंडी फिरली. आडात एकच बादली जाईल, ती आरोग्य खात्याची. पाणी उकळून प्यायचं. हुकूम उठेपर्यंत बाजार बंद, जत्रा बंद, पंगत बंद, जमाव बंद. मयतीला पाचच माणसं.

दवंडीवाला ख्रिस्ती वस्तीत आला तेव्हा शांतवन मास्तर अंगणात पेपर वाचत होते. मास्तर निवृत्त झाले होते, पण आवाज अजून शाळेतलाच होता. पाच पंचांतले ते थोरले. शास्त्र तोंडपाठ. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "जमावात आमचं चर्च येतंय का?"

"सगळंच येतंय मास्तर," दवंडीवाला म्हणाला आणि पुढं गेला.

मंगळवारी अहमदपूरहून पाळक येसुदास आले. चर्चच्या ओट्यावर पाच पंच लांब लांब बसले. सरजाबाईनंच तसं बसवलं होतं. पाळकसाहेब मवाळ माणूस. दोन्ही बाजूंना मान डोलवायचे. मास्तरांनी तोंड उघडलं ते थांबायला तयार नव्हते.

"निजामाच्या राज्यात ही घंटा वाजली. रझाकारांच्या धामधुमीत अर्धं गाव पळून गेलं, तवाबी एक रविवार चुकला न्हाई. माझा बाप एकटा आत बसून प्रार्थना करत होता. अन् आता हगवणीला भिऊन आपण कुलूप लावायचं? तेबी पन्नासाव्या वर्षी? लोक थुंकतील आपल्या तोंडावर."

मग सरजाबाई म्हणाली, "मास्तर, रझाकार दाराबाहेर होता. पटकी आपल्याच हातावर बसून आत येती."

"देव राखणारा हाय."

"हाय की. म्हणून माळवदावरनं उडी मारून बघायची का? सैतानानं प्रभूला देवळाच्या शेंड्यावर नेऊन हेच म्हणलं होतं. प्रभूनं काय उडी मारली न्हाई."

शास्त्राचं उत्तर शास्त्रानं आलं की मास्तर नेहमी मुद्दा बदलायचे. ते म्हणाले, "तुला काय, दवाखान्याची सवय हाय. पण प्रभूभोजनाचा प्याला? त्या प्याल्यानं आजवर कुणी मेलंय?"

"मेलं असंल तर आपल्याला कळलंय कुठं?" सरजाबाई म्हणाली. "एका प्याल्याला चारशे तोंडं लागणार. त्यातलं एक जरी पटकीचं असलं तर? मुरुडची माणसं मुरुडला नेतील, मुखेडची मुखेडला. देवाच्या घरातून काय घेऊन गेले म्हणून विचारलं तर काय सांगायचं आपण?"

पाळकसाहेब मधे पडले. "हे बघा, शेवटी सरकारचा हुकूम आहे. पाळावाच लागेल."

सरजाबाई त्यांच्याकडं वळली. "पाळकसाब, हुकमाचं नाव घेऊ नका. हुकूम म्हणून बंद केलं तर पोलीस गेला की लोक मागच्या दारानं जमतील. हुकूम नसता तरी मी हेच म्हणलं असतं. आपल्या शेजारच्याचं लेकरू जगावं म्हणून आपण बंद करूलालाव, असं सांगा. मग कुणी मागच्या दारानं येणार न्हाई."

मत घेतलं. तीन हात बंदच्या बाजूनं, दोन विरुद्ध. मास्तरांचा हात विरुद्ध होता आणि तो त्यांनी बराच वेळ खाली घेतला नाही. पाळकसाहेबांनी बिशपसाहेबांना पत्र लिहायचं कबूल केलं आणि पुढची एसटी धरून गेले.

सरजाबाईनं आत जाऊन खिडक्या लावल्या. वेदीवरचं कापड घडी करून ठेवलं. बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं, आणि पायरीवर बसून पदर तोंडात धरून रडली. कुणाला न दाखवता रडली, कारण आत्ताच तिनं एवढ्या लोकांसमोर हिम्मत दाखवली होती. पन्नास वर्षं ती या दिवसाच्या दिशेनं चालत आली होती. दिवस दारात आला आणि तिनंच दार लावलं.

गुणाबाई समोरून चालत आली आणि दोन हात अंतरावर बसली. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"बरं केलंस," गुणाबाई म्हणाली. मग जरा थांबून, "पण बिशपसाब पुढं तरी येईल न्हवं?"

गावात बातमी वाऱ्यासारखी गेली. मलप्पा शेटजी किराणा-भुसाराचे व्यापारी, महादेवाच्या जत्रेचे पुढारी. चैत्री पुनवेची जत्रा चार-पाच दिवसांवर आली होती. जत्रेचे पंच हटून बसले होते, की ख्रिस्ती लोक त्यांचा सण करणार असतील तर आम्ही जत्रा कामून सोडायची? मलप्पा स्वतः चर्चच्या फाटकापर्यंत आले. दारावरचं कुलूप पाहिलं.

"खरंच बंद केलाव?" त्यांनी विचारलं.

"खरंच, अप्पा."

"बिशप येणार होते म्हणं."

"येणार होते."

मलप्पा कुलपाकडं पाहत राहिले. "आमची जत्रा दरसाल असती," ते म्हणाले. "तुमचं तर पन्नास वर्षांतून एकदा होतं." एवढंच बोलून ते गेले. त्याच दुपारी गुरुपादप्पा पुजाऱ्यानं एकट्यानं पालखीची पूजा करायची आणि जत्रा भरवायची नाही, असं जाहीर झालं. सरपंच शेषेराव चार दिवस दोन्हीकडं हात जोडत फिरत होते. ते सरजाबाईला म्हणाले, "बाई, माझ्या हातानं जे झालं नसतं ते तुझ्या कुलपानं केलं."

खरी गंमत पुढंच झाली. आजारी माणसं शाळेत ठेवली होती आणि शाळेवर पत्रे होते. एप्रिलच्या उन्हात ते पत्रे तव्यासारखे तापायचे. अंगातलं पाणी गेलेली माणसं त्याखाली वाळत होती. डॉक्टर वीरण्णा घामानं निथळत म्हणाले, "मावशी, गावात कुठं दगडी छप्पर आहे का? थंड फरशी? धुता येईल अशी?"

सरजाबाईनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली.

अर्ध्या तासात बाकं भिंतीला लागली. मास्तर फाटकात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उपासनेला बंद अन् वांतीला उघडं?"

"हाव," सरजाबाई म्हणाली. तिच्या हातात करवत होती. ती एका बाजेच्या मधोमध, विणलेल्या काथ्यात भोक पाडत होती. पटकीच्या रोग्याला उठवत नाही. बाजेला भोक पाडून खाली बादली ठेवावी लागते, हे तिनं दवाखान्यात पाहिलं होतं. करवत काथ्यात अडकत होती आणि बाजेची चौकट हलत होती.

मास्तर थोडा वेळ पाहत राहिले. "बाज असं कापतेत का?" ते शेवटी ओरडले. "सगळी वीण उसवंल की. आण इकडं." त्यांनी करवत बाजूला टाकली, घरून विळी आणली, भोकाच्या कडेनं काथ्या आवळून गाठी मारल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ बाजा तयार केल्या. प्रत्येक बाजेला ते सरजाबाईवर तोंडसुख घेत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मत बदललं का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मत तेच हाय. पण तिला बाज कापता येत न्हाई."

सलाईनच्या बाटल्या खिडक्यांच्या गजांना टांगल्या. सिंधु सुया लावायची, सरजाबाई पाणी पाजायची. उकळलेल्या पाण्यात मीठ आणि साखर, मापानं. "एकदम न्हाई, घोट घोट," ती प्रत्येकाला सांगायची. "उलटी झाली तरी पी. झाली की परत पी." आडावर व्यंकटला बसवलं होतं. बरा झाल्यावर तो स्वतःहून आला होता. आरोग्य खात्याची एक बादली त्याच्या हातात, आणि समोर बायकांची रांग. कुणी आपली बादली पुढं केली की तो म्हणायचा, "काकू, मी वर जाऊन आलोय. तुम्हाला जायचंय का?"

चौथ्या दिवशी मलप्पा आपल्या आईला बैलगाडीतून घेऊन आले. गौरम्मा सत्तरीच्या. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि उभ्या जन्मात परक्याच्या घरचं पाणी प्यालेल्या नव्हत्या. त्यांना बाजेवर निजवलं. ओठ फाटले होते. सरजाबाई तांब्या घेऊन जवळ गेली.

"पाणी कुणाचं?" गौरम्मांनी विचारलं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

मलप्पा शरमून खाली पाहायला लागले. सरजाबाई म्हणाली, "टँकरचं. मी उकळलेलं. मीठ-साखर मी घातलेली. ढवळलेलंबी मीच. चालतंय का बघा, अम्मा. न्हाई चाललं तर लेकाला शिकवते, ते करून पाजतील."

गौरम्मांनी तिच्याकडं पाहिलं, मग लेकाकडं. "त्याला चहाबी करता येत न्हाई," त्या पुटपुटल्या. "आण."

दुसऱ्या सकाळी त्यांना जरा हुशारी आली तेव्हा त्यांनी पूजेला पाणी मागितलं. सरजाबाईनं स्वच्छ वाटीत पाणी दिलं आणि शेजारच्या बाजेवरच्या लेकराचं अंग पुसायला लागली. ख्रिस्ताच्या वेदीपासून दहा हातांवर गौरम्मांनी तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. मास्तर दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, सरजाबाईनं मान वर करून पाहिलं, आणि मास्तरांनी तोंड मिटलं. पाण्याची घागर खाली ठेवून दुसरी आणायला गेले.

गुड फ्रायडेच्या सकाळी गुणाबाई आली, स्वतःच्या पायांनी. म्हणाली, "अक्का, दोनदा जाऊन आले," आणि पायरीवरच बसली. तिचं वय, अंगात नसलेलं मांस, दुष्काळातली तीन वर्षं. सिंधुला हाताची शीर सापडेना. डॉक्टर आले, त्यांनी पायाची शीर धरली. सरजाबाईनं दिवसभर बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी घातलं, आणि चमच्याचमच्याला बाकीच्या बाजांकडंही पाहत राहिली. दुपारी गुणाबाईनं विचारलं, "आज प्रभू क्रुसावर असंल न्हवं?"

"हाव."

"मग मला पाणी दे. त्यालाबी तहान लागली होती."

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास गुणाबाई गेली. उत्तरेच्या भिंतीपाशीच तिची बाज होती.

वस्ती फाटकापाशी जमली. बायका टाहो फोडत होत्या. प्रेत घरी नेऊ द्या, आंघोळ घालू द्या, रीत हाय. गुणाबाईची सून तारामती सरजाबाईच्या पाया पडली. "मावशी, तुमची सख्खी बहीण हाय. तिला असं कोरडंच न्यायचं? शेवटचं पाणीबी न्हाई घालायचं?"

आजवर सरजाबाईला कुणी विचारलं असतं की सगळ्यांत अवघड काय, तर तिनं हेच सांगितलं असतं. चर्चला कुलूप घालणं सोपं होतं. तिला बहिणीचा हात धरून घरी जावंसं वाटत होतं. पण तिला ठाऊक होतं, पटकीचं प्रेत धुणाऱ्या बायकाच पुढं पडतात.

"तारामती, उठ," ती म्हणाली. "मी धुतलंय तिला. सिंधुनं अन् मी, औषधाच्या पाण्यानं. माझ्या हातानं धुतलं म्हणजे तुझ्या हातानं धुतलं." तिनं घरून पेटीतलं पांढरं लुगडं मागवलं आणि त्यात बहिणीला गुंडाळलं. मग फाटकापाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चार खांदेकरी अन् मी. बाकीचे आपापल्या दारात उभे राहा. कुणी गल्लीत उतरायचं न्हाई. पण तोंड बंद ठेवायला मी सांगितलेलं न्हाई."

तिरडी उचलली. गल्लीत एकही माणूस नव्हता. पहिल्या घराच्या उंबरठ्यावर मास्तर उभे होते. त्यांनी शाळेतला आवाज काढला आणि प्रार्थनेच्या गीताचा पहिला सूर लावला. दुसऱ्या उंबरठ्यानं तो उचलला, मग तिसऱ्यानं. तिरडी पुढं सरकत होती आणि सूर घराघरातून तिच्याबरोबर चालत होता. वस्ती संपली तिथं सूर थांबायला हवा होता. पण पुढच्या आळीत मलप्पा शेटजी दुकानाच्या ओट्यावर टोपी काढून उभे होते. पुढं गुरुपादप्पा पुजारी. पुढं आडावर व्यंकट, बादली खाली ठेवून, हात जोडून. सरजाबाई तिरडीच्या मागून ताठ चालत होती. सालगड्याच्या लेकीला अख्खं गाव दारात उभं राहून निरोप देत होतं, हे तिनं पाहिलं, आणि दुःखातही तिची मान खाली गेली नाही.

ईस्टरच्या पहाटे तिनं घंटा वाजवली. आत चौदा बाजा होत्या. वस्तीतल्या तीस उंबरठ्यांवर तीस कुटुंबं उभी राहिली. प्रत्येक घरातल्या थोरल्यानं आपल्याच घरासाठी प्रार्थना केली. ज्यांचं कधी चारचौघांत तोंड उघडायचं धाडस झालं नव्हतं त्यांनीही केली. प्याला नव्हता, पंगत नव्हती. आत गौरम्मा बाजेवर उठून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आज काय हाय तुमचं?"

"आज प्रभू मरणातून उठला, अम्मा."

"बरं झालं," गौरम्मा म्हणाल्या. "मीबी उठून बसले."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा रोगी घरी गेला. त्रेपन्न माणसं पडली होती. दोन गेली, गुणाबाई आणि सडकेच्या कामावरच्या एका बाईचं तान्हं. डॉक्टर वीरण्णा म्हणाले, एवढ्या गावात एवढ्यावर निभावलं हे त्यांनी पुस्तकातही वाचलं नव्हतं. हुकूम उठला. चर्चची फरशी तीनदा धुतली, भिंतींना नवा चुना दिला. उत्तरेच्या भिंतीला सरजाबाईनं स्वतः चुना दिला आणि कुणाला हात लावू दिला नाही.

पन्नास वर्षांचा सोहळा भादव्यात झाला. बिशपसाहेब आले. चारशेच्या जागी सहाशे माणूस आलं, कारण निम्मं गावही आलं होतं. मलप्पांच्या घरून हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, दोन हंडे आले आणि ते गौरम्मांनी उभं राहून वाढायला लावले. सरजाबाईला बिशपसाहेबांशेजारी बसवलं. दुसरी खुर्ची रिकामी ठेवली होती, त्यावर फुलं होती. तहसीलदारांनी कागद वाचला, शाल दिली. मग मास्तर बोलायला उभे राहिले.

"मी त्या दिवशी विरोधात हात वर केला होता," मास्तर म्हणाले. "आजबी मला वाटतंय, देवाचं घर बंद नसावं." मंडळीत कुजबूज झाली. मास्तरांनी हात वर केला. "मला दाखवा, ते बंद कधी होतं? पन्नास वर्षांत एवढी माणसं या घरातून जिवंत बाहेर पडलेली मी पाहिली न्हाईत. बाईला शास्त्र माझ्यापेक्षा कमी येतंय. पण तिला ते कुठं वापरायचं ते माझ्यापेक्षा जास्त कळतंय." एवढं बोलून ते खाली बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

सरजाबाईला बोलायला सांगितलं तर ती म्हणाली, "हात धुऊन पंगतीला बसा," आणि बसली.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडं, मुखेड तालुक्यातल्या एका गावात पटकी आली. तिथल्या मंडळीत चर्च बंद करायचं की नाही यावर दोन तट पडले होते. त्यांनी तळेवाडीला निरोप पाठवला: त्या बाईला पाठवा. सरजाबाई एसटीनं निघाली. कंडक्टरला तिचं नाव ठाऊक होतं. त्यानं तिला पुढच्या बाकावर बसवलं. गाव आलं तेव्हा फाट्यावर दीडशे माणूस खांद्याला खांदा लावून उभं होतं. हार होता, हलगी होती, आणि पेल्यापेल्यानं सरबत वाटणं चाललं होतं.

सरजाबाई एसटीच्या पायरीवर आली. खाली उतरली नाही. दांडा धरून तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आधी पांगा," ती म्हणाली. "मग उतरते."